चकाजवळची झीज

दिग्रसच्या बंद जिनातून लेथ घेतला, किलोवर.
काट्यावरचा पोरगा म्हणाला, "काका,
याच भावात कापूस भरला असता ना ट्रॉलीत!"

कापूस होताच.
गिअरचं झाकण उघडलं तर आत काळा, ग्रीसमध्ये थिजलेला,
एक उशी भरेल एवढा.
त्यात एक सरकी, तेल पिऊन पिऊन
छर्‍यासारखी टणक झालेली.

विमल दारात उभी. "हे धूड कायले आणलं?"
मी काय सांगणार.
आयटीआयच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं
खिडकीतून पाने दिले, पाने घेतले,
वहीत सही घेतली.
पलीकडे लेथ फिरायचे, निळसर कीस उडायचा.
हात लावायचा माझा हुद्दा नव्हता.

बैल विकून चार वर्षं झालेली.
गोठ्यात, दावणीच्या जागी, लेथ उभा केला.
गव्हाणीत नट, वायसर, रॉकेलात भिजलेल्या चाव्या.
पोलीस पेपर घेऊन बसलो की संध्याकाळ व्हायची
आणि चार बोटं लोखंड उघडं पडायचं.
वर करडा, खाली हिरवा, त्याखाली गेरूसारखा,
आणि अगदी तळाशी एक रंग
ज्याला आमच्याकडे नाव नाही.

रहेमान मिस्त्री आले, नातवाच्या मोटारसायकलवर.
गेज मागितला नाही. चष्माही नाही.
बेडवरून बोट फिरवत आणलं
आणि चकाजवळ थांबवलं.
"इथं बसला हाय."
टेलस्टॉककडचा भाग कोरा होता,
कारखान्यातल्या खरवडीच्या खुणा अजून
माशाच्या खवल्यांसारख्या.
तिकडे कधी कोणी गेलंच नव्हतं.
"रोलरचे बूश, बापा. बोटभर काम.
छत्तीस वर्षं म्या याच वीतभर जागेत काढली."

घासून सरळ करता येईल का, मी विचारलं.
"नागपूरले करून देतीन. लेथ आणला
त्याच्या दुप्पट घेतीन."
मग बोट धोतराला पुसत,
"राहू दे. हात समजून घेते."

रंग जयस्वालच्या दुकानातला,
शाळेच्या फाटकासाठी मागवलेल्या डब्यातला उरलेला, पोपटी.
दुसरा मिळाला असता, पण तो उधार नव्हता.
मे महिना. ब्रश उचलेपर्यंत रंग सुकायचा,
पट्टे राहायचे नांगरटीसारखे.
म्हणून पहाटे चारला उठून लावला, तीन पहाटा.
दुसर्‍या पहाटे आमचं कुत्रं अंग घासून गेलं
आणि पोपटी बरगड्या घेऊन गावभर हिंडलं.
लेथ बघायच्या आधी
गावाला त्याचा रंग माहीत झाला.

थ्री-फेज रात्री बारानंतर, शेतीची.
सगळे पंप चालू करायला शिवारात निघाले
तेव्हा मी बटण दाबलं.
आधी घरघर. मग पट्ट्याचा एक सपका.
मग असा एकसारखा आवाज
की विमल अंथरुणात उठून बसली
आणि काही बोलली नाही.

पहिलं काम सुमनबाई कोडापेंच्या पिठगिरणीचा बूश.
एका टोकाला केसभर जाड आला.
दुसराही. पाचवाही.
सहाव्याला हाताने आपोआप
चकाकडे येता येता थोडा जास्त काट घेतला
आणि बूश बसला, टप् करून,
डब्याचं झाकण बसावं तसा.

परवा आयटीआयत गेलो, पेन्शनच्या कागदासाठी.
नवीन लेथ आलेत, बेड आरशासारखे.
मास्तर म्हणाले, "चालवा की एकदा, ठवकर."
चालवला. बारीक काट, शांत हात,
पोरं गोळा झाली बघायला.
मोजलं तर
चकाकडे केसभर बारीक.

मास्तर मशीन तपासायला वाकले.
मी त्यांना काही सांगितलं नाही.